हळदीच्या कॅप्सूल आणि धावणाऱ्या बाईचा गुडघा

पत्र

डॉक्टर, नमस्कार. माझं वय ४१, वजन ५८ किलो. गेली सहा वर्षं धावतेय, तीन हाफ मॅरेथॉन झाल्या आहेत आणि आता पहिल्या ४२ किलोमीटरची तयारी चालू आहे. त्यासाठी आठवड्याचं धावणं पाच आठवड्यांत ३० किलोमीटरवरून ५० वर नेलं. तेव्हापासून, म्हणजे जवळजवळ अडीच महिने, उजवा गुडघा पुढच्या बाजूने दुखतोय. सपाट रस्त्यावर फारसं कळत नाही. जिना उतरताना मात्र वाटीच्या मागे कळ येते, आणि तासभर बसून उठलं की पहिली चार पावलं गुडघा आखडलेला असतो. सूज नाही. एक्स-रेच्या रिपोर्टमध्ये 'किंचित झीज' एवढंच लिहिलंय, पण ते वाचल्यापासून माझा धीर सुटलाय.

धावण्याच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीने हळदीच्या कॅप्सूल सुचवल्या. दोन महिने सकाळ-संध्याकाळ एकेक घेतेय. बाटलीवर लिहिलंय: हळदीचा अर्क ५०० मिलिग्रॅम, करक्युमिनॉइड्स ९५ टक्के, पिपरीन ५ मिलिग्रॅम. थोडा फरक पडल्यासारखा वाटतो, पण खात्री नाही. मैत्रीण दिवसाला चार घेते आणि मलाही वाढव म्हणते. लांबच्या रनच्या दिवशी निघण्याआधी मी आयब्युप्रोफेनची एक गोळीही घेते. हिमोग्लोबिन कमी निघाल्यामुळे लोहाच्या गोळ्या चालू आहेत. यकृताचा, पित्ताचा काही त्रास नाही.

कॅप्सूल दुप्पट करू का? त्याने झिजलेली कूर्चा भरून येते का? माझी १७ वर्षांची लेक बास्केटबॉल खेळते, मोठ्या स्पर्धांत उतरते. मागच्या महिन्यात तिचा घोटा मुरगळला, आता तीही 'मला पण दे' म्हणतेय. आणि बाटली संपत आली आहे, नवी आणू का?

धावणं सोडायचं नसलेली एक आई

उत्तर

दुप्पट करू नका. बाकीचं सावकाश बोलू, पण एवढं आजच ठरवून टाका.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यातली खरी धास्ती मला 'किंचित झीज' या दोन शब्दांत दिसली. कॅप्सूलची बाटलीही त्या धास्तीपोटीच घरात आली असावी, म्हणून आधी तिच्याबद्दल.

चाळिशीनंतर गुडघ्याच्या चित्रात काहीतरी दिसणं ही फार नेहमीची गोष्ट आहे. गुडघा अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या एमआरआयचे अनेक अभ्यास २०१९ मध्ये एकत्र करून पाहिले गेले. त्यात ४० आणि त्यापुढच्या वयात १९ ते ४३ टक्के लोकांमध्ये संधिवाताच्या खुणा सापडल्या. हे दुखणं घेऊन आलेले लोक नव्हते, सुखाने चालणारे-फिरणारे होते. तेव्हा रिपोर्टमधली झीज आणि जिन्यावरची कळ यांचं नातं आहेच, असं धरून चालू नका. आणि धावून गुडघे झिजतात म्हणाल, तर २०१७ च्या एका मोठ्या आढाव्यात हौशी धावपटूंमध्ये गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात ३.५ टक्के लोकांत निघाला, न धावणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्के, आणि अव्वल पातळीवर स्पर्धा करणाऱ्यांत १३.३ टक्के. ज्यांचे गुडघे आधीच दुखतात ते धावायला जातच नाहीत, हेही त्या आकड्यांत मिसळलेलं आहे, त्यामुळे धावणं हे औषध आहे असं मी म्हणणार नाही. पण तुमच्यासारखी बाई धावते म्हणून तिचा गुडघा संपला, असं त्यातून मुळीच निघत नाही.

मग कळ कशाची? हाताने तपासल्याशिवाय मी निदान ठामपणे सांगत नाही. पण जिना उतरताना दुखणं, बराच वेळ बसल्यावर आखडणं, वाटीच्या मागे कळ आणि सूज नाही, हे वर्णन वाटी आणि मांडीचं हाड यांच्यामधल्या सांध्याच्या दुखण्याशी चांगलं जुळतं. धावणाऱ्यांत हे दुखणं इतकं आढळतं की त्याला 'रनर्स नी' असं नावच पडलंय. गुडघा वाकतो तेव्हा वाटी मांडीच्या हाडाच्या खोबणीत दाबली जाते. जिना उतरताना हा दाब शरीराच्या वजनाच्या तिपटीहून जास्त होतो. त्यात तुमचा हिशेब बघा. एका किलोमीटरला साधारण हजार पावलं धरली तर उजव्या पायाची पाचशे. आठवड्याला २० किलोमीटर वाढले, म्हणजे उजव्या गुडघ्यावर दर आठवड्याला दहा हजार पावलांचा जास्तीचा भार, तोही पाच आठवड्यांच्या आत. स्नायू, कंडरा, हाडं, कूर्चा हे सगळं भाराला सरावतं, पण त्याला लागणारा वेळ मॅरेथॉनच्या तारखेकडे बघून ठरत नाही.

आता हळद. हळदीतल्या ज्या पिवळ्या द्रव्यांबद्दल सगळं बोललं जातं ती करक्युमिनॉइड्स, आणि त्यांतलं मुख्य करक्युमिन. हळदीच्या पुडीत वजनाने ती साधारण २ ते ५ टक्के असतात. तुमच्या कॅप्सूलमधल्या अर्कात ९५ टक्के आहेत. त्यामुळे 'हळदच तर आहे' असं म्हणून ही कॅप्सूल घेऊ नका. एका कॅप्सूलमध्ये ४७५ मिलिग्रॅम, दोनमध्ये ९५० मिलिग्रॅम करक्युमिनॉइड्स. खाण्यात मिसळायचा रंग म्हणून करक्युमिनची जी रोजची मर्यादा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने घातली आहे, ती किलोमागे ३ मिलिग्रॅम आहे. तुमच्या ५८ किलोंना ती १७४ मिलिग्रॅम पडते. ही मर्यादा जन्मभर रोज खाण्याच्या हिशेबाने आखलेली असते, त्यामुळे ती ओलांडली म्हणजे विषबाधा झाली असं नाही. औषध म्हणून झालेल्या चाचण्यांत काही आठवड्यांसाठी यापेक्षा पुष्कळ जास्त मात्रा दिल्या गेल्या आहेत. पण तुम्ही आजच त्या मर्यादेच्या पाचपटीवर आहात. मैत्रिणीइतक्या घेतल्या तर जवळपास अकरापट होईल.

लेबलवरचा तिसरा शब्द पिपरीन. हे काळ्या मिरीतलं द्रव्य. करक्युमिन पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून रक्तात फार थोडं जातं, आणि गेलेलं यकृत झटपट बदलून बाहेर टाकतं. १९९८ मध्ये निरोगी माणसांना २ ग्रॅम करक्युमिन नुसतं दिलं, तेव्हा रक्तात ते जवळजवळ सापडलंच नाही. सोबत २० मिलिग्रॅम पिपरीन दिलं तेव्हा प्रमाण २००० टक्क्यांनी वाढलं. हा आकडा तुम्ही जाहिरातींत नक्की वाचला असेल. तो खरा आहे. फक्त ती वाढ कशाच्या तुलनेत होती ते ध्यानात ठेवा: जवळजवळ शून्याच्या. शिवाय तिथे पिपरीन एका वेळी २० मिलिग्रॅम होतं, तुमच्या कॅप्सूलमध्ये ५ आहे. आणि पिपरीन हे करतं कसं? परकी द्रव्यं बदलून बाहेर टाकायचं आतड्याचं आणि यकृताचं काम ते मंदावतं. करक्युमिनसाठी तेवढं मंदावेल आणि बाकी औषधांसाठी चालू राहील, असं होत नाही. फिट्सवरचं फेनिटॉइन, रक्तदाबावरचं प्रोप्रॅनोलॉल, दम्यावरचं थिओफिलिन यांसारख्या औषधांचं रक्तातलं प्रमाण पिपरीनमुळे वाढल्याचं माणसांवर तपासून झालेलं आहे. तुम्ही यांतलं काही घेत नाही, पण तुमची मैत्रीण आणखी काय घेते ते तिला जरूर विचारा.

हळदीने काहीच होत नाही असं मात्र मी म्हणणार नाही, कारण तेही खरं नाही. थायलंडमध्ये २०१४ साली गुडघ्याच्या संधिवाताच्या ३६७ रुग्णांवर चाचणी झाली. अर्ध्यांना रोज १५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क, अर्ध्यांना रोज १२०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन. चार आठवड्यांनी दुखणं दोन्ही गटांत जवळजवळ सारखंच उतरलं होतं, आणि अर्क घेणाऱ्यांत पोटाच्या तक्रारी कमी होत्या. ऑस्ट्रेलियात टास्मानियाला २०२० मध्ये ७० जणांवर झालेली चाचणी मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण तिथे एमआरआयही काढले होते. या सगळ्यांच्या गुडघ्यात पाणी आणि आतल्या पडद्याला सूज होती. बारा आठवड्यांनी अर्क घेणाऱ्यांचं दुखणं औषध नसलेली दिखाऊ कॅप्सूल घेणाऱ्यांपेक्षा १०० पैकी साधारण ९ गुणांनी जास्त उतरलं. फरक माफक, पण होता. एमआरआयमध्ये मात्र सूज तितकीच होती आणि कूर्चेच्या घडणीतही फरक नव्हता.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. कूर्चा भरून येत नाही. बाटलीवर सांध्याचं कितीही सुंदर चित्र असलं तरी नाही.

आणखी एक गोष्ट बघा. या चाचण्या संधिवात झालेल्या लोकांवरच्या. थायलंडमधले रुग्ण पन्नाशीच्या पुढचे होते. तुम्ही ४१ च्या, आठवड्याला ५० किलोमीटर धावणाऱ्या. खेळाडूंवर करक्युमिनचे जे अभ्यास झालेत त्यांतले बहुतेक दहा-वीस-तीस माणसांचे आहेत, आणि ते सांध्यांचे नाहीतच. उतारावर धावायला लावून किंवा वजनं उचलायला लावून मांड्या दुखवायच्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचा ठणका मोजायचा, असे ते प्रयोग. काहींत ठणका थोडा कमी झाला, काहींत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१८ मध्ये सप्लिमेंटवर जे निवेदन काढलं, त्यातही करक्युमिनबद्दल आणखी संशोधन हवं असाच सूर आहे. 'खेळाडूंच्या सांध्यांसाठी' हे शब्द लेबलवर येतात ते संधिवाताचा पुरावा एकीकडून आणि स्नायूंच्या ठणक्याचा दुसरीकडून उचलून. तुमच्या गुडघ्यासारख्या गुडघ्यावरचा पुरावा त्या दोन्हींत नाही.

करक्युमिनकडून अपेक्षा असते ती दाह कमी करण्याची. प्रयोगशाळेत ते दाहाला चालना देणारे अनेक संदेश दाबतं, हे खरं. पण दाह असलेला गुडघा सुजतो, गरम लागतो, त्यात पाणी होतं. तुमच्या गुडघ्यात यातलं काही नाही. जिथे फारसं पेटलेलंच नाही तिथे विझवायचं काय? तुमचं दुखणं भाराचं आहे, आणि भार कॅप्सूलने हलका होत नाही.

'थोडा फरक पडल्यासारखा वाटतो' असं तुम्ही लिहिलंत. तो पडलाही असेल, तुमच्या वाटण्यावर मी अविश्वास दाखवत नाही. पण आपण उपाय सुरू करतो ते दुखणं सगळ्यात जास्त असताना, आणि तिथून ते आपोआपही थोडं उतरतं. शिवाय लांबच्या रनच्या दिवशी आयब्युप्रोफेन आहेच. कोणामुळे काय झालं हे आज ना तुम्हाला सांगता येईल, ना मला.

त्या आयब्युप्रोफेनबद्दल मला कॅप्सूलपेक्षाही जास्त काळजी आहे. दोन-तीन तास धावताना अंगातलं पाणी कमी होतं, मूत्रपिंडांकडे जाणारं रक्त घटतं, आणि नेमक्या त्या वेळी ही गोळी मूत्रपिंडांचा स्वतःला सावरण्याचा मार्ग अडवते. आतड्याच्या अस्तरालाही ती त्रास देते. आणि जी कळ तुम्हाला सोळाव्या किलोमीटरला 'आता पुरे' म्हणणार होती, ती ऐकूच येत नाही. धावण्याआधी वेदनाशामक घेणं आजपासून बंद करा. गोळीशिवाय जे अंतर झेपत नाही ते अंतर तुमच्या गुडघ्याला अजून झेपत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता यकृत. इथे मी थोडी थांबणार आहे, कारण 'नैसर्गिक आहे, अपाय काय होणार' हे वाक्य मी रोज ऐकते. इटलीत २०१९ मध्ये हळदीची सप्लिमेंट घेणाऱ्यांत यकृताला सूज येऊन कावीळ झाल्याच्या बऱ्याच घटना लागोपाठ समोर आल्या. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजांची नोंद ठेवणाऱ्या तज्ज्ञांच्या गटाने २०११ ते २०२२ या काळातल्या हळदीशी जोडलेल्या १० घटना तपासून मांडल्या. पाच जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं, एक दगावला. दहापैकी सात जणांत एक ठराविक जनुकीय खूण सापडली. ती खूण आपल्यात आहे की नाही हे सहसा कोणालाच ठाऊक नसतं. त्यांनी तपासलेल्या सात उत्पादनांपैकी तीनमध्ये पिपरीन होतं. इतके लोक या गोळ्या घेतात त्या मानाने ही इजा विरळ आहे. पण ती कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही, आणि करक्युमिन रक्तात जास्तीत जास्त शिरावं म्हणून जी खटपट चाललीय ती या धोक्याच्या बाजूनेही काम करत असावी, असं माझं मत आहे. लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं, अंगाला खाज, खाण्यावरची वासना उडणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी कॅप्सूल बंद आणि डॉक्टरांकडे. थकवा मॅरेथॉनच्या तयारीत सगळ्यांनाच येतो, त्यामुळे नुसत्या थकव्यावर विसंबू नका.

एकदा एक फुटबॉलपटू माझ्याकडे गुडघा दाखवायला आला आणि 'हे सगळं घेतो' म्हणून पिशवी टेबलावर रिकामी केली. पाच बाटल्या. एक सांध्यांची, एक दमसास वाढवायची, एक झोपेची, एक 'रिकव्हरी'ची आणि एक नुसती हळदीची. आम्ही दोघांनी बसून मागची बारीक अक्षरं वाचली, मी चष्मा कपाळावर सरकवून आणि तो मोबाइलचा दिवा धरून. पाचपैकी तीन बाटल्यांत करक्युमिन निघालं, तिन्हींत वेगवेगळ्या नावांनी. तो स्वतःच्या समजुतीने एक कॅप्सूल घेत होता, प्रत्यक्षात दिवसाला २ ग्रॅमच्या पुढे गेला होता. तुमच्याकडे प्रोटीनची पावडर किंवा सांध्यांचं आणखी काही असेल तर तीही लेबलं आजच वाचा.

तुमच्या पत्रातली लोहाची गोळी मला फार सतावते आहे. करक्युमिन लोहाला धरून ठेवतं, आणि मोठ्या मात्रेत ते लोह अंगी लागण्यात अडथळा आणू शकतं. हिमोग्लोबिन भरून यावं म्हणून तुम्ही एका हाताने लोह घेताय आणि त्याच दिवशी दुसऱ्या हाताने लोहाला अडवणारी वस्तू. पाळी जात नाही तोवर बाईच्या अंगातून दर महिन्याला लोह जातं, लांब पल्ला धावणाऱ्यांत त्यात आणखी भर पडते. तुम्ही लवकर दमत असाल किंवा रिकव्हरी मंद असेल, तर त्यामागे लोहाच्या कमतरतेचा हात असू शकतो. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन तपासून घ्या, म्हणजे साठ्यात लोह किती आहे ते कळेल. पाळी अनियमित झाली असेल, अंगावरून जास्त जात असेल किंवा तयारी सुरू झाल्यापासून वजन घटत असेल तर तेही डॉक्टरांना न लाजता सांगा. पोटात पुरेसं जात नसताना अंतर वाढवत नेलं की हाडांना बारीक भेगा पडतात, आणि तशी भेग कोणत्याही सप्लिमेंटने सांधत नाही.

पित्तखडे असतील, मूतखड्याची खोड असेल, रक्त पातळ करणारी औषधं किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, गरोदरपण असेल किंवा येत्या दोन आठवड्यांत शस्त्रक्रिया असेल, तर या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोतच. तुम्हाला हे लागू नाही, पण तुमच्या ग्रुपमध्ये कोणाला तरी असेल, म्हणून लिहिलं.

आता गुडघ्याकडे परत येऊ. आठवड्याचं अंतर ३० ते ३५ किलोमीटरवर आणा. थांबायचं नाही, उतरायचं. उतारावरचं धावणं आणि जिन्याचे व्यायाम तीन-चार आठवडे बाजूला ठेवा. पावलं थोडी आखूड आणि जलद टाका. मिनिटाला पडणारी पावलं एकदा मोजा आणि वेग तोच ठेवून ती ५ ते १० टक्क्यांनी वाढवा. १६० असतील तर १६८ ते १७६. पावलांची गती १० टक्क्यांनी वाढवली की वाटीवरचा कमाल दाब साधारण १४ टक्क्यांनी कमी होतो असं मोजमापात आढळलं आहे. पहिले काही दिवस हे अवघडल्यासारखं वाटेल, म्हणून आधी पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत करा.

दुखण्याला शून्य ते दहा गुण द्यायला शिका. धावताना दोनपर्यंत असेल तर बिनधास्त धावा. तीन ते पाच चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते मूळ पातळीवर आलं पाहिजे. पाचच्या वर गेलं की त्या दिवशीचं धावणं तिथेच संपवून चालत घरी. यासाठी एक साधी वही करा. रोज सकाळी उठल्यावर तोच जिना, त्याच पायऱ्या, अनवाणी, कठड्याला हात न लावता उतरायच्या आणि उजव्या गुडघ्याचा आकडा लिहायचा. शेजारी आदल्या दिवशीचं अंतर. दोन आठवड्यांत ही वही तुम्हाला एक्स-रेपेक्षा जास्त सांगेल. आकडा चार दिवस ओळीने चढत गेला तर अंतर कमी करायचं, मग प्लॅनमध्ये काहीही लिहिलेलं असो.

आणि ताकद. या दुखण्यावर सगळ्यात भक्कम पुरावा व्यायामाचा आहे, तोही मांडी आणि कंबरेखालचे, खुब्याभोवतीचे स्नायू दोन्ही मिळून. आठवड्यातून तीनदा. खुर्चीवर तीन मोजत सावकाश बसायचं आणि उठायचं. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून उचलायचा, टाच थोडी मागे. पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलायची, जमायला लागलं की एका पायावर. तीन-चार आठवड्यांनी एका बुटक्या पायरीवर उजव्या पायाने उभं राहून डाव्या टाचेने हळूच जमिनीला स्पर्श करायचा. हे आरशासमोर करा. गुडघा आत, अंगठ्याच्या बाजूला झुकला तर पायरी अजून उंच आहे असं समजा. फरक दिसायला सहा आठवडे लागतात, पक्का व्हायला बारा. स्पर्धेची तारीख यात बसत नसेल तर पुढची स्पर्धा धरा. हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण त्या तारखेभोवती तुम्ही घर, काम, झोप सगळं बांधलं असणार. तरीही हेच सांगेन.

गुडघा सुजला, अडकला, मध्येच दगा देऊन लचकला, रात्री झोपेतून उठवू लागला किंवा ताप आला, तर वही बाजूला ठेवून तपासायला जा.

लेकीला कॅप्सूल देऊ नका. मुरगळलेल्या घोट्यात अस्थिबंध ताणलेला असतो. त्याला वेळ, हळूहळू भार आणि तोल सांभाळायचा सराव लागतो. दात घासताना त्या पायावर उभं राहणं, मग डोळे मिटून, मग कोणीतरी टाकलेला चेंडू झेलत. पुन्हा पुन्हा मुरगळणं या सरावाने कमी होतं, आणि मैदानात परतताना घोट्याला ब्रेस किंवा पट्टी बांधल्यानेही. दुखावलेल्या पायावर न दुखता लंगडी घालता येईपर्यंत सामना नको. पडली तेव्हा चार पावलंही टाकता आली नव्हती, किंवा घोट्याचं हाड दाबल्यावर दुखत होतं, आणि एक्स-रे राहून गेला असेल, तर तो आधी काढा.

तिच्या बाबतीत दुसरीही एक गोष्ट आहे. करक्युमिन जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या बंदी-यादीत नाही. पण बाटलीत लेबलवर न लिहिलेलं काही असलं तर? १३ देशांतून गोळा केलेली ६३४ सप्लिमेंट जर्मनीतल्या कलोनच्या प्रयोगशाळेत तपासली गेली, निष्कर्ष २००४ मध्ये आले. त्यांतल्या ९४ मध्ये, म्हणजे १४.८ टक्क्यांत, लेबलवर न लिहिलेली बंदी असलेली हार्मोनसदृश द्रव्यं सापडली. खेळाडूच्या लघवीत जे सापडतं त्याची जबाबदारी खेळाडूची, ते कसं गेलं हे तिला ठाऊक नसलं तरी. 'आईने दिलं' हे सतरा वर्षांच्या मुलीचं खरं उत्तरही तिथे तिला सोडवायला पुरत नाही. पुढे तिला कधी कोणतं सप्लिमेंट खरंच लागलं तर ज्याची प्रत्येक बॅच स्वतंत्र प्रयोगशाळेत बंदी असलेल्या द्रव्यांसाठी तपासली जाते असंच घ्या. 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट' किंवा 'एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट' ही खूण त्यासाठी असते, आणि बॅच क्रमांक त्यांच्या यादीत ताडून पाहायचा असतो. शिसं किती आहे हेही तपासलेलं असावं, कारण पिवळा रंग खुलवायला हळदीत लेड क्रोमेट मिसळल्याचं उघड झालेलं आहे.

उद्या तुमच्या वयाची साठी उलटली, गुडघ्यात खरा संधिवात आला आणि वेदनाशामकं पोटाला सोसेनाशी झाली, तर याच कॅप्सूलबद्दल मी वेगळं बोलेन. तेव्हा यकृताची तपासणी करून, महिना-दोन महिने घेऊन बघा आणि फरक नसेल तर सोडा, असं सांगेन. आज तुमच्या गुडघ्यासाठी तिची गरज मला दिसत नाही.

तेव्हा नवी बाटली आणू नका. उरलेल्या कॅप्सूलही आजपासून बंद करा, सवय लागण्याजोगं त्यात काही नाही, हळूहळू कमी करत जायची गरज नाही. वहीच्या पहिल्या पानावर बंद केल्याची तारीख लिहा. हिमोग्लोबिन आणि फेरिटिनसाठी रक्त द्याल तेव्हा यकृताची तपासणीही त्याच नमुन्यात करून घ्या, आणि रिपोर्ट दाखवायला जाताना ती बाटली लेबलसकट डॉक्टरांकडे घेऊन जा.